श्वेरिन, १७७२: माणूस मेला हे ठरवायचं कुणी?

उत्तर जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग-श्वेरिन या संस्थानाचा ड्यूक फ्रीडरिष याने ३० एप्रिल १७७२ रोजी आपल्या राज्यातल्या ज्यू प्रजेसाठी एक हुकूम काढला. मृत्यूनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय कुणाचंही दफन करायचं नाही. कारण असं दिलं होतं, की घाईघाईने पुरताना एखादा जिवंत माणूस, फक्त खोल मूर्च्छेत गेलेला माणूस, मातीखाली जाण्याचा धोका आहे. ज्यूंचा रिवाज नेमका याच्या उलट होता. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत मातीत विसावला पाहिजे. फार तर दुसरा दिवस, त्यापुढे नाही.

हुकूम ऐकून श्वेरिनचा ज्यू समाज हादरला. पुढच्या काही आठवड्यांत जो पत्रव्यवहार झाला, त्यातून एक वाद उभा राहिला आणि तो सत्तर-ऐंशी वर्षं मध्य युरोपभर चालू राहिला. प्रबोधनकाळातलं, म्हणजे युरोपच्या अठराव्या शतकातलं, वैद्यक आणि ज्यू धर्मशास्त्र समोरासमोर आले, असे प्रसंग अनेक आहेत. मला त्यात हे प्रकरण सर्वांत मोलाचं वाटतं, कारण इथे कुणालाही खलनायक ठरवून मोकळं होता येत नाही. प्रत्येकाच्या म्हणण्यात काहीतरी खरं होतं. आणि ज्यावर सगळ्यांचं समाधान व्हायला हवं होतं, तो तोडगा पहिल्याच अर्जात लिहिलेला होता.

हुकमामागे कोण होतं

ड्यूकला ही कल्पना आपणहून सुचलेली नव्हती. ब्यूट्झो इथल्या विद्यापीठात पौर्वात्य भाषा शिकवणारे ओलाफ गेरहार्ड टिख्सेन यांचा सल्ला त्यामागे होता. टिख्सेन यांना हिब्रू उत्तम येत असे, रब्बींचं, म्हणजे ज्यू धर्मपंडितांचं, वाङ्मय त्यांनी वाचलेलं होतं. पण त्यांचा पूर्वेतिहासही श्वेरिनच्या ज्यूंना ठाऊक होता. तरुणपणी ते हाल्ले इथल्या मिशनरी संस्थेकडून ज्यूंना ख्रिस्ती करण्याच्या कामगिरीवर फिरले होते. एवढ्या लवकर पुरणं हा तुमच्या धर्माचा मूळ भागच नाही, असं ज्याने राजाला पटवलं, तो माणूस काल-परवापर्यंत धर्मांतराचा प्रचारक होता.

ही गोष्ट नजरेआड केली तर पुढचं काहीच नीट कळत नाही. हुकूम ज्यूंच्या जिवाची काळजी करत होता हे खरं, पण त्याच वेळी तो ज्यूंच्या धर्मात काय आवश्यक आणि काय अनावश्यक हे राज्याने ठरवण्याचा पायंडाही पाडत होता. प्रजेच्या आरोग्याची जबाबदारी राज्याची, ही त्या शतकातली नवी आणि एकंदरीत चांगली कल्पना. पण ज्या समाजाला नागरिकत्वाचे हक्क नाहीत, जो ड्यूकच्या परवानगीवर राहतो, त्याच्या घरात ही जबाबदारी जेव्हा हुकूम होऊन शिरते, तेव्हा त्याला ती काळजी वाटत नाही. तो आधी स्वतःला सावरतो.

धर्मशास्त्र काय सांगत होतं

लवकर दफनाचं मूळ तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात आहे. देहदंड देऊन टांगलेल्या गुन्हेगाराचं प्रेत रात्रभर झाडावर राहू देऊ नका, त्याच दिवशी पुरा, अशी तिथे आज्ञा आहे. गुन्हेगाराच्या देहाचा इतका मान राखायचा, तर सामान्य माणसाच्या देहाचा किती, असा विचार करून रब्बींनी तो नियम सर्वांना लावला. मिश्ना या रब्बींच्या नियमांच्या प्राचीन संग्रहात, सन्हेद्रिन या खंडात तो स्पष्ट आहे: जो आपल्या मृताला रात्रभर ठेवतो तो आज्ञाभंग करतो.

पण लगेच पुढच्याच वाक्यात अपवाद आहे. मृताच्या सन्मानासाठी, म्हणजे कफन किंवा शवपेटी आणायची म्हणून ठेवलं, तर दोष नाही. पुढे दूरचे नातलग यायचे आहेत, हेही कारण त्यात मान्य झालं. या प्रकरणाचा अर्धा वाद या एका सवलतीभोवती फिरतो.

दुसरं सूत्र जीव वाचवण्याचं. ज्यू धर्मशास्त्रात त्याला इतकं वरचं स्थान आहे, की जीव धोक्यात असल्याची नुसती शंका आली तरी शब्बाथचे, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाचे, कडक नियम बाजूला ठेवावे लागतात. मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ म्हणजे तालमूद. त्याच्या योमा खंडात शब्बाथच्या दिवशी भिंत कोसळून माणूस खाली गाडला गेल्याचा प्रसंग घेतला आहे. ढिगारा उपसायचाच. माणूस हाती लागल्यावर जिवंत आहे की नाही हे कसं ओळखायचं? नाकापाशी श्वास पाहायचा. श्वास नसेल तर उपसणं थांबवायचं. म्हणजे मृत्यूची खूण कोणती, हा प्रश्न धर्मशास्त्राला नवा नव्हता, आणि त्याचं एक जुनं उत्तरही तयार होतं.

त्या उत्तराबद्दलची शंकासुद्धा परंपरेतच नोंदलेली आहे. सोळाव्या शतकात क्राकूवचे रब्बी मोझेस इसर्लेस यांच्यापुढे बाळंतपणात दगावलेल्या स्त्रीचा प्रश्न होता. तिचं पोट उघडून मूल वाचवता येईल का? तालमूदात परवानगी होती. इसर्लेस यांनी लिहिलं, की आता आपल्याकडे तसं करत नाहीत, कारण आई खरोखर गेली आहे हे मूल वाचण्याइतक्या लवकर ओळखण्याची जाण आपल्यात नाही. हे काही मिनिटांच्या निर्णयाबद्दल आहे, काही तासांच्या नाही, हा फरक लक्षात ठेवायला हवा. तरीही श्वेरिनच्या दोनशे वर्षं आधी एक सर्वमान्य धर्मशास्त्री मृत्यू ओळखण्यातली आपली मर्यादा लिहून ठेवतो, ही मोठी गोष्ट आहे.

प्रत्यक्षात दफनाचं सगळं काम हेव्रा कादिशा या मंडळाच्या हाती असे. ही मृतांची सेवा करणारी स्वयंसेवी मंडळी. नाकापाशी पीस धरून श्वास पाहणं, देहाला स्नान घालणं, कफन नेसवणं, देह एकटा न सोडता राखण करणं, खड्डा खणणं, सगळं तेच करत. या सेवेची परतफेड मृत व्यक्ती करू शकत नाही, म्हणून हे सर्वांत निर्मळ पुण्य मानलं जाई. आमच्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजातही मृताला शक्यतो लवकर माती देण्याची हीच रीत चालत आली. श्वेरिनच्या माणसाला वाटे, आपण आपल्या वडिलांना उघड्यावर ताटकळत ठेवलं नाही, वेळेत माती दिली. तीन दिवस थांबा म्हणणं म्हणजे त्याच्या लेखी वडिलांची विटंबना होती.

डॉक्टरांना तरी काय ठाऊक होतं

आता दुसरी बाजू. १७४० मध्ये पॅरिसचे शरीरशास्त्रज्ञ जाक-बेनीन्य विन्सलो यांनी एका प्रबंधात मांडलं, की मृत्यूच्या नेहमीच्या खुणा भरवशाच्या नाहीत. नाडी लागत नाही, श्वास जाणवत नाही, अंग गार पडतं, तरी माणूस जिवंत असू शकतो. लहानपणी आपल्यालाही दोनदा मृत समजलं होतं, असं ते सांगत. दोन वर्षांनी जाँ-जाक ब्रूइये या डॉक्टरने तो लॅटिन प्रबंध फ्रेंचमध्ये आणला आणि त्याला शवपेटीत जागे झालेल्या, कबरीतून ओरडलेल्या माणसांच्या कहाण्यांची भली मोठी जोड दिली. ते पुस्तक युरोपभर पसरलं. निष्कर्ष असा, की मृत्यूची एकच पक्की खूण आहे, देह कुजायला लागणं. तोवर थांबा.

सगळ्या डॉक्टरांना हे मान्य नव्हतं. आंत्वान लुई या फ्रेंच शल्यविशारदाने १७५२ मध्ये सविस्तर उत्तर दिलं. ब्रूइयेच्या बहुतेक कहाण्या ऐकीव आहेत, आणि अंग ताठरणं, डोळ्यांची तकाकी जाणं या खुणा विश्वासार्ह आहेत, असं त्यांचं म्हणणं. आज वाचताना लुई यांचीच बाजू जास्त भक्कम वाटते. लोकांच्या मनाला मात्र ब्रूइयेची भीती भिडली.

ती भीती अगदीच निराधार होती असंही म्हणता येत नाही. १७६७ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली. लंडनमध्ये १७७४ साली तशीच निघाली. पाण्यातून काढलेली, सर्वांनी मृत ठरवलेली माणसं भात्याने छातीत हवा भरून, अंग चोळून, ऊब देऊन शुद्धीवर येत होती. तंबाखूचा धूर गुदद्वारातून आत सोडण्याचा उपायही तेव्हा मोठ्या विश्वासाने करत. काल ज्याला मेला म्हटलं असतं तो आज उठून बसतो, हे लोक डोळ्यांनी पाहत होते. स्टेथोस्कोपचा शोध १८१६ चा. तो छातीला लावून हृदयाचे ठोके खरोखर थांबलेत का हे पद्धतशीर तपासण्याची रीत फ्रेंच डॉक्टर बूशू यांनी मांडली १८४६ मध्ये, आणि फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यासाठी त्यांना बक्षीस दिलं १८४८ मध्ये. म्हणजे १७७२ चा डॉक्टर हाताने नाडी पाही आणि तोंडासमोर आरसा धरी. हेव्रा कादिशाच्या पिसाहून त्याचं साधन फार पुढचं नव्हतं.

त्याच काळात वैद्यक दुसऱ्या तोंडाने उलटंही सांगत होतं. सडणाऱ्या प्रेतांची दूषित हवा रोग पसरवते असा तेव्हाचा सिद्धांत होता. त्याच कारणाने पॅरिसमधलं सेंट इनोसंट्स हे शतकानुशतकांचं दफनस्थान १७८० मध्ये बंद झालं. प्रेत वस्तीतून लवकर हलवा, आणि प्रेत कुजेपर्यंत पुरू नका, या दोन्ही सूचना एकाच शास्त्राच्या नावाने येत होत्या. एका खोलीत सगळं कुटुंब राहणाऱ्या गरीब ज्यूने त्या कशा पाळायच्या, याचा विचार ड्यूकच्या हुकमात नव्हता.

दोन पत्रं, दोन भाषा

श्वेरिनच्या समाजाने मदत मागितली हॅम्बुर्गशेजारच्या आल्टोना गावच्या रब्बी याकोब एम्डेन यांच्याकडे. तेव्हा त्यांचं वय पंच्याहत्तरच्या घरात होतं. अफाट विद्वत्ता आणि तितकाच करारी स्वभाव. स्वतःचा छापखाना चालवणारे, कुणाशीही दोन हात करायला तयार असणारे. पण ड्यूकला समजेल अशा प्रौढ जर्मनमध्ये अर्ज लिहिणं हे त्यांचं क्षेत्र नव्हतं. त्यासाठी बर्लिनचे ज्यू तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोन हवे होते.

मेंडेल्सझोन त्या वेळी बेचाळीस वर्षांचे. पोटापाण्यासाठी रेशमाच्या कारखान्याचा कारभार पाहणारे, पण आत्म्याच्या अमरत्वावरच्या १७६७ च्या ग्रंथामुळे जर्मन वाचकवर्गात सॉक्रेटिसची उपमा मिळवलेले. १७६९ मध्ये झ्युरिचच्या लावाटर या पाद्र्याने त्यांना जाहीर आव्हान दिलं होतं, ख्रिस्ती धर्माचं खंडन करा, नाही तर तो स्वीकारा. त्या वादाच्या ताणाने ते १७७१ पासून आजारी होते. बर्लिनच्या अकादमीने त्यांची निवड केली, तिला प्रशियाच्या राजाने मंजुरी दिली नाही. एका बाजूला ख्रिस्ती विद्वान त्यांना खेचत होते, दुसऱ्या बाजूला धर्मनिष्ठ ज्यू संशयाने पाहत होते. अशा माणसाकडे श्वेरिनचं पत्र आलं.

त्यांनी एकाच पाकिटातून दोन लेख पाठवले. पहिला जर्मन, ड्यूकसाठी. त्यात ज्यू समाजाच्या वतीने विनंती होती, की त्यांना आपल्या रिवाजाप्रमाणे दफन करू द्यावं, आणि सुरक्षिततेसाठी दफनाआधी डॉक्टराने मृत्यूचा दाखला द्यावा अशी अट घालावी.

दुसरा लेख हिब्रू, समाजाच्या पुढाऱ्यांसाठी, आणि त्यात त्यांनी अगदी वेगळं सांगितलं. तुम्ही एवढे का घाबरलात हे मला समजत नाही, असा त्याचा सूर होता. या हुकमात धर्माविरुद्ध काहीही नाही. कफन आणण्यासाठी, नातलग येण्यासाठी प्रेत ठेवता येतं, तर माणूस जिवंत असण्याची शंका असताना ठेवता येत नाही असं कसं म्हणायचं? जीव वाचवण्यापुढे कोणती आज्ञा टिकते? मग त्यांनी सेमाखोत या शोकविधींच्या प्राचीन ग्रंथातला एक उतारा पुढे केला. मृतांना पाहण्यासाठी तीन दिवस दफनस्थळी जावं, असं तिथे आहे. असाच एक जण जिवंत सापडला आणि पुढे पंचवीस वर्षं जगला, आणखी एकाला त्यानंतर पाच मुलं झाली, अशीही नोंद तिथे आहे.

मेंडेल्सझोन यांचा युक्तिवाद असा, की पूर्वज खडकात कोरलेल्या गुहांमध्ये मृतांना ठेवत. तिथे जाऊन पाहणं शक्य असे. म्हणून लवकर दफन आणि सावधगिरी या दोन्ही गोष्टी त्यांना एकत्र साधत. आपण थेट मातीत पुरायला लागलो आणि सावधगिरीचा अर्धा भाग गळून पडला. उपाय काय? दफनभूमीतच एक छोटी वास्तू बांधा, तिथे देह तीन दिवस ठेवून राखण करा, मग माती द्या. हे करणं म्हणजे नवा पायंडा नव्हे, जुन्या रीतीकडे परत जाणं आहे. रूढीचं बळ मोठं असतं, तुम्ही माझं ऐकणार नाही, कदाचित मला पाखंडीही म्हणाल, हे मला ठाऊक आहे, पण मी माझं कर्तव्य केलं, अशा अर्थाने त्यांनी पत्र संपवलं.

प्रेतांवर लक्ष ठेवण्यासाठी जर्मन शहरांनी खास शवगृहं बांधायला सुरुवात केली ती १७९० च्या दशकात, वायमारमध्ये डॉक्टर हूफेलांड यांच्या आग्रहातून. मेंडेल्सझोन यांची सूचना त्याच्या वीस वर्षं आधीची. आरोग्यव्यवस्थेतला एक पुढचा उपाय एका ज्यू विचारवंताने थेट मिश्ना आणि सेमाखोतच्या आधाराने मांडला होता, आणि तो त्याच्याच समाजाने बाजूला ठेवला. या प्रकरणातली मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट हीच आहे.

राज्यापुढे समाजाची बाजू, आणि समाजापुढे राज्याची बाजू. याला काही अभ्यासक दुटप्पीपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. बाहेरच्या सत्तेपुढे आपल्या माणसांचा हक्क राखायचा आणि घरात त्यांना खरं ते सांगायचं, यात विसंगती नाही. त्या काळात अल्पसंख्य समाजातल्या प्रामाणिक माणसाला दुसरा मार्गही नव्हता.

एम्डेन यांचं उत्तर

एम्डेन यांनी हे सपशेल नाकारलं. मेंडेल्सझोन त्यांना गुरुस्थानी मानत, पत्रातही त्याच आदराने लिहीत. एम्डेन यांचं उत्तर मात्र कठोर होतं. डॉक्टरांच्या मतावरून धर्माचा नियम हलवायचा नाही, नाही तर शास्त्राचे खांबच ढासळतील. सेमाखोतमधली घटना अपवादातली अपवाद आहे, आणि इतक्या विरळ शक्यतेवर नियम उभा राहत नाही. गुहेत ठेवलेला माणूस जागा झाला तर हाक मारू शकत होता, म्हणून पाहायला जाण्याला अर्थ होता. त्यावरून दफनच लांबवायचं हे ओघाने येत नाही. वडीलकीच्या नात्याने त्यांनी मेंडेल्सझोन यांना आपल्या नावाला जपायलाही बजावलं. लोक आधीच कुजबुजत आहेत.

एम्डेन यांना अंधश्रद्ध म्हणून बाजूला सारण्याची घाई अनेकांनी केली आहे. मला ती अन्यायाची वाटते. विरळ शक्यता आणि रोजचा नियम यांच्यात तोल कसा साधायचा, हा त्यांचा प्रश्न सार्वजनिक आरोग्यात आजही रोज उभा राहतो. प्रत्येक दुर्मीळ धोक्यासाठी सगळ्यांवर बंधन घालता येत नाही. शिवाय डॉक्टरांमध्ये तेव्हा एकमत नव्हतंच.

पण एका ठिकाणी त्यांचा युक्तिवाद मला पटत नाही. जीव वाचवण्याच्या बाबतीत ज्यू शास्त्र बहुमताच्या अंदाजावर चालत नाही. शंभरात एक शक्यता असली तरी ढिगारा उपसावा लागतो. दफन लांबवण्याची सवलत कफनासाठी मिळते, तर शंकेसाठी ती नाकारायला फार भक्कम कारण हवं. एम्डेन यांच्याकडे ते कारण होतं, पण ते शास्त्रातलं नव्हतं, परिस्थितीतलं होतं. मिशनरी प्राध्यापक सुचवतो, ड्यूक हुकूम काढतो आणि आपल्यातलाच विद्वान त्याला शास्त्राधार शोधून देतो, हा क्रम त्यांना दिसत होता. आज दफन, उद्या आणखी काय, ही भीती खोटी नव्हती. फक्त ती भीती प्रेताच्या नाकाजवळ धरलेल्या पिसाचा निर्णय बदलू शकत नाही.

ड्यूकने मात्र अर्ज मान्य केला. तीन दिवसांची सक्ती सुटली, डॉक्टरांच्या दाखल्याची अट आली आणि श्वेरिनचे ज्यू पूर्वीप्रमाणेच लवकर दफन करू लागले. श्वेरिनपुरतं प्रकरण इथे मिटलं.

मिटलेलं प्रकरण पुन्हा पेटतं

१७८५ मध्ये हामेआसेफ या नव्या विचारांच्या हिब्रू मासिकाने हा जुना पत्रव्यवहार छापला. घरातला मतभेद चव्हाट्यावर आला, आणि लवकर दफन हे जुन्या आणि नव्या ज्यूंमधल्या भांडणाचं निशाण झालं. ४ जानेवारी १७८६ रोजी मेंडेल्सझोन गेले. त्यांचं दफन दुसऱ्याच दिवशी, ५ जानेवारीला, रिवाजाप्रमाणे झालं.

पुढच्या वर्षी, १७८७ मध्ये, त्यांचे मित्र मार्कुस हेर्त्स यांनी ज्यूंच्या लवकर दफनावर जर्मनमध्ये पुस्तिका लिहिली. हेर्त्स बर्लिनच्या ज्यू इस्पितळातले डॉक्टर आणि तत्त्वज्ञ कांटचे लाडके विद्यार्थी. लगेच १७८८ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. मेंडेल्सझोन यांचं पत्र संयमी होतं. हेर्त्स यांची भाषा घाव घालणारी. जागा झालेला माणूस, अंधार, वर मातीचा भार, आणि आपल्याच मुलांनी आपल्याला इथे आणून ठेवलं याची जाणीव, हे सगळं त्यांनी वाचकाच्या अंगावर काटा येईल असं मांडलं. त्यामागची तळमळ खरी आहे यात मला शंका नाही. पण या लेखनाने वादाची पातळी बदलली. आता लवकर दफन करणारा माणूस चुकत नव्हता, तो संभाव्य खुनी ठरत होता. हेव्रा कादिशाच्या म्हाताऱ्या माणसाने आयुष्यभर जे पुण्य म्हणून केलं, त्याला एका तरुण डॉक्टरने हे नाव दिलं. मग समेट कसा व्हायचा? सगळे ज्यू डॉक्टरसुद्धा हेर्त्स यांच्या बाजूने उभे राहिले नाहीत.

१७९२ मध्ये बर्लिनमध्ये तरुण ज्यूंनी मित्रमंडळ नावाची परस्परसाहाय्य संस्था काढली. संस्थापकांत मेंडेल्सझोन यांचा मुलगा योझेफ होता. आजारपणात मदत, अडचणीत आधार, आणि सदस्याचं दफन घाईने होऊ न देणं ही तिची कामं. हेव्रा कादिशाच्या हातातून मृत्यू काढून घेणारी ही पहिली मोठी खेप. हळूहळू अनेक जर्मन राज्यांनी आणि ऑस्ट्रियानेही थांबण्याची मुदत कायद्याने सक्तीची केली, आणि वादाचा निकाल पोलिसांच्या वहीत लागला.

त्याच वर्षांत धर्मशास्त्र आणि वैद्यक यांचं दुसऱ्या एका बाबतीत किती सहज जमलं ते पाहण्यासारखं आहे. देवीच्या साथीत स्वतःची दोन मुलं गमावलेल्या लंडनच्या अब्राहम नान्सिख यांनी १७८५ मध्ये हिब्रू पुस्तिका लिहून देवी टोचून घेण्याला शास्त्राची परवानगी आहे असं दाखवलं. निरोगी मुलाला मुद्दाम रोग द्यायचा, तोही जिवाचा थोडा धोका पत्करून, हा प्रश्न दफनाहून सोपा मुळीच नव्हता. पुढे इंग्लिश डॉक्टर जेनरची देवीवरची लस आल्यावर डान्झिगचे रब्बी इस्रायल लिपशुत्स यांनी तर मिश्नावरच्या आपल्या टीकेत जेनरचं नाव जगातल्या पुण्यवान परधर्मीयांमध्ये घेतलं. देवी टोचण्याला विरोध झाला नाही असं नाही, पण त्यावरून समाज दुभंगला नाही. ती सूचना आतून आली होती, मुलं गमावलेल्या बापाकडून. तिच्यासोबत ज्यूंना सुधारण्याचा कार्यक्रम आलेला नव्हता.

प्रेसबुर्गचा निर्णय

वादाचं शास्त्रीय टोक गाठलं ते प्रेसबुर्गचे, म्हणजे आजच्या ब्रातिस्लावाचे, रब्बी मोझेस सोफेर यांनी. हातम सोफेर या नावाने ते ओळखले जातात. १८३७ मध्ये त्यांनी रब्बी त्स्वी हिर्श खायेस यांना लिहिलेल्या उत्तरात मृत्यूची व्याख्याच बांधून दिली. माणूस मूक दगडासारखा पडला आहे, नाडी नाही, आणि त्यानंतर श्वास थांबला, तर तो मेला. ही खूण परंपरेने आपल्याकडे आली आहे, आणि योमा खंडातला ढिगाऱ्याचा नियम तिच्यावरच उभा आहे. शब्बाथला उपसणं थांबवण्याइतका जर श्वासावर भरवसा ठेवता येतो, तर दफनासाठी का नाही? सेमाखोतमधला माणूस हजार वर्षांतून एखादा. सरकारी सक्तीने लोक थांबायला सरावले आणि तोच मूळ नियम समजू लागले, याची खंतही त्यांनी नोंदवली.

एम्डेन यांच्या उत्तराहून हे उत्तर मला वरचढ वाटतं, कारण ते डॉक्टरांना नुसतं नाकारत नाही. ते खुणा सांगतं, त्यांचा क्रम सांगतं. नाडी आधी, श्वास नंतर. ज्या खुणा मोजता येतात त्या तपासताही येतात. थोड्याच वर्षांनी बूशू यांनी स्टेथोस्कोप छातीला लावून हृदयाची शांतता मोजली, तेव्हा वैद्यकही कुजण्याची वाट पाहणं सोडून याच वाटेवर आलं.

म्हणूनच १७७२ च्या जर्मन अर्जातली दाखल्याची अट मला या सगळ्याच्या मध्यभागी ठेवावीशी वाटते. तीन दिवस हा आकडा कुणाचंच समाधान करणारा नव्हता. थंडीत तीन दिवसांत देह कुजत नाही, उन्हाळ्यात एका दिवसात कुजतो. खरा प्रश्न किती वेळ थांबायचं हा नव्हता, कुणी आणि कशावरून तपासायचं हा होता. जाणत्या माणसाने देह पाहायचा, नाव लिहून जबाबदारी घ्यायची, मग समाजाने आपल्या रीतीने माती द्यायची. ड्यूकला हे पटलं, श्वेरिनच्या समाजाला चाललं. पण पुढच्या पिढीला दाखला पुरेसा वाटला नाही, कारण तोवर भांडण देहाचं राहिलं नव्हतं. एका गटाला थांबून आपण सुधारलेले आहोत हे दाखवायचं होतं, दुसऱ्याला न थांबता आपण ज्यूच आहोत हे दाखवायचं होतं. मेंडेल्सझोन यांची दफनभूमीतली वास्तू या दोघांनाही नको झाली.

हातम सोफेर यांच्या त्या ओळी पुढे दवाखान्यांत पोचल्या. व्हेंटिलेटर आल्यावर श्वास थांबूनही हृदय चालू ठेवता येऊ लागलं, आणि मेंदू मृत झालेल्या माणसाला मृत म्हणायचं का, हा प्रश्न रब्बींपुढे आला. श्वास हीच निर्णायक खूण मानणाऱ्यांनी १८३७ च्या उत्तराचा आधार घेतला. नाडीचा उल्लेख त्यात आधी आहे असं दाखवून विरोध करणाऱ्यांनीही त्याचाच घेतला. इस्रायलच्या मुख्य रब्बी मंडळाने १९८६ मध्ये अवयवदानासाठी मेंदूमृत्यूचा निकष अटींसह स्वीकारला. २००८ मध्ये तिथल्या संसदेने त्यावर कायदा केला. यंत्राने होणाऱ्या तपासण्या त्यात बंधनकारक आहेत, आणि मृत्यू ठरवण्याचा अधिकार कोणत्या डॉक्टरांना द्यायचा हे पाहणाऱ्या समितीत डॉक्टरांच्या शेजारी रब्बी बसतात.